घाटाखालच्या कमानी

डिसेंबर १८०३. एलिचपुराहून, म्हणजे आजच्या अचलपुराहून, इंग्रजांच्या कर्नल स्टीव्हन्सनची फौज जड तोफा घेऊन सातपुड्यात शिरली. आडगावच्या मैदानात २९ नोव्हेंबरला हरलेले नागपूरकर भोसल्यांचे सैन्य गाविलगडात जाऊन बसले होते. दक्षिणेकडून गडाला हात लावणे अवघड, म्हणून तोफा डोंगरातून फिरवून उत्तरेच्या अंगाला न्यायच्या होत्या. अंतर सुमारे तीस मैल. ७ डिसेंबरला हललेल्या तोफा १२ तारखेला जागेवर पोहोचल्या. वाट नव्हतीच. सैनिकांनी ती आधी फोडली आणि मग दऱ्या-ओहोळ ओलांडत तोफा हातांनी ओढत नेल्या. १५ डिसेंबरला गड पडला, किल्लेदार बेणीसिंग लढता लढता मारला गेला आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला.

इतिहासाची पुस्तके इथून तहाच्या कलमांकडे वळतात. तोफांच्या गाड्यांकडे कोणी फारसे बघत नाही. त्या गाड्यांना कमान, म्हणजे स्प्रिंग, नव्हती. चाक धोंड्यावर आपटले की धक्का आसातून थेट वरच्या लाकडात जाई आणि ओढणाऱ्यांच्या खांद्यांत उतरे. तीस मैलांना पाच-सहा दिवस लागले, त्यात डोंगराचा वाटा मोठा होताच, पण गाडीच्या बांधणीचाही होता.

योगायोग असा की पुढच्याच वर्षी, १८०४ साली, ओबाडाया इलियट नावाच्या लंडनच्या बग्गी बांधणाऱ्या कारागिराने लंबवर्तुळाकार पोलादी कमानींवर गाडी बसवण्याचे पेटंट घेतले. पोलादाच्या लांब-आखूड पट्ट्या, म्हणजेच गॅरेजच्या भाषेत पाटे, एकावर एक रचून त्यांची कमान करायची आणि गाडीचे सगळे ओझे तिच्यावर टेकवायचे. त्यामुळे पुढची-मागची चाके जोडणारा अवजड लाकडी दांडा काढून टाकता आला, गाडी हलकी झाली आणि धक्का बसणाऱ्याच्या हाडांपर्यंत जायच्या आधी पोलादात मुरू लागला. गाविलगडाशेजारच्या चिखलदऱ्याच्या घाटात आज जी जीप, जो ट्रक, जी काळी-पिवळी टॅक्सी चढते, तिच्या पोटाखाली त्याच कल्पनेचे वंशज आहेत. या घाटाची कथा रस्त्याच्या बाजूने बरीच सांगितली गेली आहे. गाडीच्या खालच्या बाजूने ती फारशी कोणी सांगितलेली नाही, आणि ती सांगण्यासारखी आहे.

वऱ्हाडात घराघरांत होती ती बंडी. बाभळीच्या लाकडाची चाके, त्यांना लोखंडी धाव, मधे तुंबा, त्यात एरंडेलाचे वंगण. कमान नाही. काळ्या जमिनीत तिची गरजही नव्हती. पावसाळ्यात चिखल मऊ आणि उन्हाळ्यात फुफाटा मऊ, शिवाय बैलांची चाल संथ. कापसाच्या बोंद्रीला धक्का लागत नाही. माणसे न्यायची तर दमणी किंवा रेंगी जुंपत. ती हलकी असे, वर छप्पर, खाली गवत, गवतावर गादी. ही गादीच प्रवाशाची कमान. धुरकऱ्याचे कसब म्हणजे चाक कोणत्या दगडावर घालायचे नाही हे दहा पावले आधी ओळखणे.

चिखलदऱ्याने हे गणित बदलले. १८२३ साली हैदराबाद पलटणीतल्या कॅप्टन रॉबिन्सनने हे पठार साहेबलोकांच्या नजरेत आणले असे गॅझेटियरे सांगतात. कोरकू आणि गवळी तिथे कितीतरी आधीपासून होते, हे मात्र त्या ‘शोधा’च्या कथेत विसरले जाते. पठाराची उंची सुमारे १,१०० मीटर, पाऊस वर्षाला दीड हजार मिलिमीटरच्या आसपास. घाटाखाली मे महिन्यात उन्हाने कातडी भाजते तेव्हा वर गारवा. १८५३ नंतर वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे आला, १८६७ला मुंबईची आगगाडी बडनेऱ्यावरून नागपूरपर्यंत पोहोचली, आणि उन्हाळ्यात वर जाणाऱ्या कुटुंबांची, सामानाची, आजाऱ्यांची ये-जा वाढली. घोडा, डोली आणि बैलगाडीच्या जोडीला टांगा आला. दोन चाकांच्या आसावर दोन कमानी आणि त्यांवर बैठक, अशी त्याची बांधणी.

इथे पहिल्यांदा गाडी दुरुस्त करणाऱ्याला सुताराच्या जोडीने वेगळ्या तऱ्हेचा लोहार लागू लागला. फाळ, कुऱ्हाड, विळा घडवणारा लोहार गावोगाव होता. कमान घडवायची तर पोलादाचा स्वभाव कळायला हवा. विळ्याची धार कडक चालते, कारण विळा वाकत नाही. कमान दिवसातून हजारदा वाकते आणि दर वेळी तिने मूळ जागी यायचे असते. पाणी जास्त बसले तर ती काचेसारखी तडकते, कमी बसले तर वाकलेली तशीच राहते.

मोटार आली तेव्हा हे कसब रिकामे बसले नाही, उलट त्याला दुप्पट काम मिळाले. आणि हिंदुस्थानात ज्या मोटारी आल्या त्यांतल्या पुष्कळशा पेट्यांतून आल्या, ही गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. अमेरिकेच्या जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला कारखाना काढला तो गाड्या बनवण्यासाठी नव्हता. परदेशातून सुट्या भागांचे संच येत आणि इथे ते जोडून गाडी उभी राही. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातही सुरुवात अमेरिकन क्रायस्लर कंपनीच्या गाड्या अशाच जोडण्यापासून झाली. १९४५ साली महिंद्रा बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ कंपनी उभी केली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ला कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले. त्या दशकाच्या अखेरीला माझगावात विलीज जीपचे संच जोडले जाऊ लागले. चासी, इंजिन, आस, पाटे, पत्रा, सगळे बोटीतून आलेले, बोल्ट आवळले मुंबईच्या कामगारांनी. पेटीतून आलेली गाडी आज हौसेची वस्तू वाटते. त्या काळात देशाचे दळणवळण तिच्यावर चालले.

जीप चिखलदऱ्याभोवतालच्या मेळघाटाला मानवली. महायुद्ध संपल्यावर सैन्याच्या जुन्या जीप लिलावात निघाल्या, नंतर मुंबईत जोडलेल्या मिळू लागल्या. दोन आसांतले अंतर अवघे ८० इंच, चारही चाकांना ताकद, चारही कोपऱ्यांना अर्ध-लंबवर्तुळाकार पाट्यांची कमान आणि तिच्या जोडीला उसळी जिरवणारा तेलाचा शॉकअप. अरुंद वळणावर ती जागच्या जागी वळल्यासारखी वळे. जंगलखाते, बांधकामखाते, लाकडाचे ठेकेदार, सगळ्यांना ती हवी होती. १९७३-७४ला देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत मेळघाट आला, तेव्हा सेमाडोह-कोलकासच्या वाटांवर धावायलाही जीपच होती.

मात्र या गाडीचे पाटे ज्या हिशेबाने घडले तो हिशेब मेळघाटचा नव्हता. चालक धरून चार-पाच माणसे आणि थोडे सामान, एवढ्यासाठी आखलेल्या कमानीवर घाटाखालच्या परतवाड्याला दहा माणसे बसत, टपावर पोती चढत, मागे लटकणारे वेगळे. पाटे बसत. ‘बसणे’ म्हणजे कमानीचा बाक हळूहळू सपाट होणे. मग आस चासीखालच्या रबरावर आपटू लागतो, चाक मडगार्डला घासते आणि एक दिवस मधल्या भोकापाशी पाटा मोडतो. बहुतेक वेळा मोडतो तिथेच, कारण सेंटर बोल्टसाठी पाडलेल्या भोकाने पोलाद तिथे आधीच कमजोर केलेले असते.

म्हणून जोडणीचा दुसरा अंक घाटाखालच्या गॅरेजात झाला. मुंबईने गाडी एकदा जोडली, परतवाड्याच्या, अमरावतीच्या, अकोल्याच्या कारागिरांनी ती रस्ता बघून पुन्हा जोडली. एक पाटा वाढवला, बाक चढवला, शॅकल (पाट्याचे टोक चासीला जोडणारी कडी) बदलली. कारखान्याच्या श्रेयात या माणसांचा वाटा धरला जात नाही, तो धरायला हवा.

परतवाडा सागवानाची मोठी बाजारपेठ. मेळघाटातून उतरणारे लाकूड इथे येते, आरागिरण्या चालतात, ट्रक भरतात. जिथे ट्रकांचा राबता तिथे रस्त्याच्या कडेला भट्टी, ऐरण आणि मोडक्या पाट्यांचा ढीग असतोच. हे काम कागदावर कुठे शिकवले जात नाही, म्हणून ते इथे थोडे विस्ताराने सांगायला हवे.

गाडी आली की आधी तिची चासी जॅकवर उचलून खाली लाकडी ठोकळे देतात. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून कोणताही शहाणा मिस्त्री खाली शिरत नाही. चाक उतरते. आसाला पाटे घट्ट धरणारे यू-बोल्ट वर्षानुवर्षांच्या चिखलाने गंजलेले असतात, त्यांवर डिझेल शिंपडून थांबतात, तरी नाही सुटले तर छिन्नीने कापून काढतात. जुना यू-बोल्ट एकदा ताणला गेलेला असतो, तो परत वापरायचा नाही, हा जुन्या मिस्त्र्यांचा कडक नेम. शॅकलच्या पिना ठोकून बाहेर आल्या की पाट्यांचा संच हातात येतो. सेंटर बोल्ट सोडताना तो शिकंजात दाबून धरावा लागतो, नाहीतर पाटे उसळून बोटे जायची.

मग पाटे सुटे करून धुतात आणि एकेकाला हातोडीने वाजवून बघतात. धड पाटा खणखणतो, तडा गेलेला बद्द वाजतो. बसलेला पण धड पाटा भट्टीत जातो. लाल झाला की साच्यावर किंवा ऐरणीवर ठोकत त्याला बाक देतात, आणि खालच्या पाट्याला वरच्यापेक्षा किंचित जास्त. तो फरक दिसायला नखाएवढा. बोल्ट आवळल्यावर त्याच फरकामुळे सगळे पाटे एकमेकांना घट्ट बिलगून ओझे वाटून घेतात. फरक चुकला तर सगळा भार मुख्य पाट्यावर येतो आणि तोच आधी जातो. बाक देऊन झाल्यावर पाणी द्यायचे. नाव पाण्याचे, पण लालभडक पाटा बुडतो तो तेलात, कारण पाण्यात पोलाद एकदम आकसून चिरते. तेलातून निघालेला पाटा कडक पण ठिसूळ असतो. त्याला पुन्हा हलक्या आचेवर तापवून निवू द्यावे लागते, तेव्हा त्यात लवचिकपणा येतो. ही दुसरी आच घाईत टाळली की पाटा महिनाभरात मोडतो. कारखान्यात हे काम तापमापकावर होते. रस्त्याकडेचा कारागीर पोलादावर चढणारा रंग बघून ठरवतो, आणि त्या नजरेला घडायला वर्षे लागतात.

जोडताना पाट्यांमधे ग्रॅफाइटचे वंगण लागते. शॅकलचे रबरी बुश असतील तर त्यांचे शेवटचे आवळणे गाडी चाकांवर उतरवून, तिचे वजन पाट्यांवर आल्यावरच करायचे. आधी आवळले तर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकते आणि लवकर फाटते. आणि पाटे बदलायचे ते आसाच्या दोन्ही बाजूंचे. एकच बाजू नवी केली की गाडी कलते, वळणावर एकीकडे ओढते. पैसे वाचवण्यासाठी एकच बाजू करून मागणाऱ्या गिऱ्हाईकाला जो मिस्त्री नाही म्हणतो, त्याच्याकडे गाडी न्यावी.

पाट्यांना एक जुनी खोड आहे. कमान धक्का पोटात घेते खरी, पण घेतलेला परत फेकते. चाक खड्ड्यातून बाहेर आले तरी गाडी खालीवर होत राहते. पाट्यांच्या आपसातल्या घर्षणाने ही उसळी थोडी मरते, वेग वाढला की तेवढ्याने भागत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्सच्या त्रुफो आणि अमेरिकेच्या हार्टफर्ड यांनी चकत्या एकमेकींवर घासून उसळी मारण्याचे यंत्र मोटारींना बसवले. पुढे तेलाचे यंत्र आले. नळीत दट्ट्या, दट्ट्याला बारीक छिद्रे, आणि त्यांतून तेलाला रडतखडत जावे लागते. कमानीची ताकद त्या तेलाला ढकलण्यात खर्च होते आणि तेल तापते. गॅरेजात त्यालाच शॉकअप म्हणतात. भारतात तो बनवण्यासाठी गॅब्रिएल इंडिया १९६१ साली सुरू झाली, मुंबईत मुलुंडला.

शॉकअप गेला हे सपाट रस्त्यावर लवकर कळत नाही, घाट ते लपू देत नाही. उतारावर ब्रेक दाबला की ओझे पुढच्या चाकांवर येते आणि नाक खाली जाते. त्याच वेळी वळण आणि वळणात खडी. शॉकअप धड असेल तर चाक रस्त्याला चिकटून राहते, मेलेला असेल तर ते खडीवर नाचते आणि नाचणाऱ्या चाकाला ब्रेकही नसतो, स्टिअरिंगही नसते. म्हणून आरामाचा भाग समजून शॉकअपची दुरुस्ती पुढे ढकलणे ही जिवावरची चूक आहे. तपासणी साधी असते. गाडीचा कोपरा जोर लावून खाली दाबायचा आणि सोडायचा. एकदा वर येऊन थांबली तर ठीक, झुलत राहिली तर शॉकअप गेला. नळीवर तेलाचा ओला डाग दिसला तरी तोच अर्थ.

सगळ्याच गाड्या जीपसारख्या नव्हत्या. अमरावतीच्या वकील-डॉक्टरांच्या दारात अॅम्बेसेडर आणि फियाट आल्या. अॅम्बेसेडरला पुढे पिळ्याची सळई आणि मागे पाटे, फियाटला पुढे गुंडाळीची स्प्रिंग आणि मागे पाटेच. गुंडाळीची स्प्रिंग बसली की भट्टीवाल्याचे हात बांधले जातात. तिला बाक चढवून पुन्हा जिवंत करता येत नाही, बदलावीच लागते. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये साठलेला जोर जीवघेणा असतो, ती पकडीत आवळल्याशिवाय सोडू नये. रस्त्याकडेला मग तोडगा निघाला, वेटोळ्यांत रबरी ठोकळे अडकवण्याचा. गाडी उंच दिसते, पण रबर असलेल्या जागची वेटोळी हलेनाशी होतात आणि ताण उरलेल्या वेटोळ्यांवर येतो. दोन दिवसांची सोय म्हणून ठीक, दुरुस्ती म्हणून वाईट.

स्प्रिंग गाडीला साजेशीच हवी, ही समज हौशी गाडीबांधणीत तर पायाभूत ठरते. इंग्लंडमध्ये कॉलिन चॅपमनची लोटस सेव्हन १९५७ साली आली ती घरी जोडण्याच्या संचातही मिळे, कारण सुट्या संचावर खरेदीकर लागत नसे. त्याच धर्तीची दोन आसनांची उघडी गाडी या शतकाच्या सुरुवातीला महाराष्ट्रातही बांधली गेली, अलिबागजवळ कार्लेखिंडीत, चिंकारा मोटर्सकडून. इंजिन इसुझूचे १.८ लिटरचे, अॅम्बेसेडरमध्ये बसे ते. अशा गाडीचे इंजिन बाजारातल्या मोठ्या गाडीचे चालते, त्या मोठ्या गाडीच्या स्प्रिंगा मात्र चालत नाहीत. वजन कमी, म्हणून त्या तिच्याखाली दबतच नाहीत आणि गाडी दगडासारखी आपटते. झिजलेली स्प्रिंग बदलताना दुकानात ‘बसते’ म्हणून दिलेली घेणे हा अशा गाडीवर अन्यायच. वजन मोजूनच स्प्रिंग निवडावी लागते. परतवाड्याच्या मिस्त्र्याने जीपचा पाटा वाढवताना हेच गणित केले होते, फक्त उलट बाजूने.

सार्वजनिक प्रवासाचा भार ज्यांनी वाहिला त्यांचा उल्लेख राहून चालणार नाही. १९५६ला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि इथली प्रोव्हिन्शियल ट्रान्सपोर्टची सेवा एसटीत मिळाली. लाल गाडी घाट चढू लागली. पण जिथे एसटी दिवसातून एकदोनदाच, तिथे काळी-पिवळी. कमांडर, मार्शल, ट्रॅक्स या गाड्यांनी मेळघाटातले बाजार, दवाखाने, शाळा जोडल्या. गवळ्यांचा खवा त्यांतून खाली आला, बाळंतिणी त्यांतून दवाखान्यात गेल्या. या गाड्यांच्या मागे पाटेच होते, आणि कोणत्या गाडीचे किती पाटे वाढवले आहेत हे त्या मार्गावरच्या नेहमीच्या प्रवाशाला बसल्या बसल्या कळे. रिकामी गाडी कडक उडते, भरली की मऊ होते, हे वाढवलेल्या पाट्यांचे लक्षण. चालक म्हणूनच भरल्याशिवाय निघायला नाखूश असत, असे नाही, त्यामागे पोटाचा प्रश्न मोठा होता. तरी भरलेली गाडी घाटात नीट बसते, हा त्यांचा अनुभवही खोटा नव्हता. जास्तीची माणसे कोंबणे बेकायदा आणि धोक्याचे होते, त्याचे समर्थन नको. पण दुसरी गाडी नसलेल्या गावाला दोष देणेही बरोबर नाही.

आज भट्ट्या कमी होत आहेत. तयार पाट्यांचे संच दुकानात मिळतात, नव्या ट्रकांना कमी पण जाड पाट्यांची, मधे फुगीर आणि टोकांना निमुळती कमान असते. तिला रस्त्याकडेच्या हातोड्याने हात लावू नये हेच उत्तम. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे गाडीच्या मूळ रचनेत मनाजोगता बदल करायलाही आडकाठी आहे, आणि सुरक्षेच्या दृष्टीने ती योग्य आहे. २००० साली आलेल्या बोलेरोच्या मागे पाटे राहिले, म्हणून काही हात अजून कामात आहेत. पण पोलादाचा रंग बघून आच ओळखणारी पिढी म्हातारी झाली आहे, आणि तिची मुले दुसऱ्या धंद्यांत गेली आहेत.

संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाने, अचलपूर-परतवाड्याच्या महाविद्यालयांनी या कारागिरांच्या मुलाखती आता, ते बोलू शकतात तोवर, ध्वनिमुद्रित कराव्यात. अमरावती, अकोला, परतवाडा, धारणी इथल्या ज्या घरांत जुन्या जीपचे परवाने, गॅरेजची बिले, घाटात काढलेले गाडीजवळचे फोटो असतील, त्यांनी ते रद्दीत घालू नयेत. फोटोच्या मागे साल आणि गाडीत बसलेल्यांची नावे लिहावीत, आणि गाडी दुरुस्त करणाऱ्याचे नाव आठवत असेल तर तेही लिहावे.